चार बेटे की एकटे क्रीट?

प्रश्न : माझे पती येत्या एप्रिलमध्ये निवृत्त होत आहेत. त्या निमित्ताने मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात यांच्यासह मे महिन्याच्या अखेरीस भूमध्य समुद्रातील एखाद्या बेटावर दहा रात्री राहावे, असे आम्ही ठरवले आहे. आम्ही आयुष्यभर काटकसर केली, आता या एका सहलीत हात आखडता घ्यायचा नाही, असे मुलाचे म्हणणे आहे. प्रवासी कंपनीने दहा रात्रींत चार ग्रीक बेटांचा कार्यक्रम दिला आहे. माझ्या पतींना मात्र शाळेत असताना वाचलेल्या मिनोस राजाच्या चक्रव्यूहामुळे क्रीटची ओढ आहे. माझे गुडघे दुखतात. आम्ही काय करावे?
— एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : आपण पतींचे ऐकावे, असे मी निःसंकोचपणे सांगेन. चार बेटांच्या कार्यक्रमात तीन वेळा सामान बांधून बोट किंवा विमान गाठावे लागते आणि प्रत्येक वेळी अर्धा दिवस त्यातच जातो. ज्या सुट्टीसाठी आपण एवढी रक्कम बाजूला काढली आहे, तिच्यातील खरी चैन म्हणजे सकाळी घाई नसणे. क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट असून त्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर आहे. मध्यभागी उभा असलेला प्सिलोरितिस पर्वत २,४५६ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट. एवढे बेट दहा रात्रींतही पुरते पाहून होत नाही.

आपण निवडलेला काळ उत्तम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाचा ताप असतो, उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा जोरदार वारा वाहतो आणि १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाच्या आसपास ग्रीक कुटुंबेही सुट्टीवर निघत असल्याने गर्दी शिगेला पोहोचते. मेअखेरीस हॉटेले उघडलेली असतात, डोंगरावर रानफुले शिल्लक असतात आणि दिवस मोठा असतो. समुद्राचे पाणी तेव्हा थोडे गारच असते, त्यामुळे नातीसाठी तापवलेल्या पाण्याचा तरणतलाव असलेले हॉटेल पाहावे.

माझ्या मते सहा रात्री पूर्वेकडील एलुंडा येथे आणि चार रात्री पश्चिमेकडील हानिया शहरात काढाव्यात. हेराक्लिऑनच्या विमानतळावर उतरावे आणि परतीचे विमान हानियाहून घ्यावे, म्हणजे आलेल्या रस्त्याने पुन्हा मागे जावे लागत नाही. मुंबईहून आखातातील एखाद्या शहरातून किंवा इस्तंबूलमार्गे अथेन्सला जाता येते. अथेन्स ते हेराक्लिऑन हे उड्डाण जेमतेम पाऊण-एक तासाचे आहे. मात्र हा सर्व प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा. वेगवेगळी तिकिटे स्वस्त दिसतात, पण पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले, तर पुढची सोय आपल्याच खर्चाने करावी लागते. हाती जास्तीचे पैसे असतील, तर ते आणखी मोठ्या खोलीवर घालण्याऐवजी रात्रीच्या लांब उड्डाणात आपल्या दोघांच्या बिझनेस क्लासवर खर्च करावेत. पाय पसरून झोपता आले, तर दुखऱ्या गुडघ्यांना पहिले दोन दिवस सोसावे लागत नाहीत.

एलुंडाचा उपसागर वाऱ्यापासून बराचसा आडोशाला असल्यामुळे क्रीटमधील सर्वांत महागडी हॉटेले तेथे एकवटली आहेत. खोलीलगत खासगी तरणतलाव ही तेथील नेहमीची सोय आहे. परंतु किनारा बराच खडकाळ आहे आणि काही ठिकाणी वाळूऐवजी लाकडी फळ्यांच्या धक्क्यावरून शिडीने पाण्यात उतरावे लागते. हॉटेले उतारावर बांधलेली असल्याने पायऱ्याही पुष्कळ असतात. म्हणून खोली नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत, आवारात ने-आण करणारी छोटी गाडी मिळते का आणि वाळूचा किनारा हॉटेललगतच आहे का. हानियाच्या जुन्या बंदराभोवती व्हेनिसच्या अमलातील वाड्यांची छोटी, अतिशय देखणी हॉटेले झाली आहेत. पण त्यांतील अनेकांना लिफ्ट नाही आणि दारापर्यंत गाडीही जात नाही. तेथे तळमजल्याचीच खोली मागावी.

पतींच्या इच्छेचे ठिकाण, म्हणजे दंतकथेतील मिनोस राजाशी जोडला जाणारा क्नॉसॉसचा प्राचीन राजवाडा, हेराक्लिऑनपासून अगदी जवळ आहे. मिनोस कालोकेरिनोस या स्थानिक गृहस्थांनी १८७८ मध्ये येथे पहिले खोदकाम केले आणि १९०० पासून आर्थर एव्हान्स यांनी विस्तृत उत्खनन केले. एव्हान्स यांनी काँक्रीट वापरून राजवाड्याचे काही भाग पुन्हा उभे केले. लाल रंगाचे जे खांब छायाचित्रांत दिसतात, ते त्या पुनर्बांधणीतील आहेत आणि ती योग्य होती की नाही, यावर पुरातत्त्वज्ञांत आजही मतभेद आहेत. तेथे चक्रव्यूह सापडत नाही. सापडतात ते एकमेकांत गुंतलेले शेकडो कक्ष आणि जिने, आणि ते पाहताना ही दंतकथा का जन्मली असावी, हे मनोमन पटते. सकाळी आठला दार उघडताच आत जावे, कारण सावली फार कमी आहे. त्यानंतर हेराक्लिऑनचे पुरातत्त्व संग्रहालय चुकवू नये : मूळ भित्तिचित्रे आणि १९०८ मध्ये फेस्टोस येथे मिळालेली, अद्याप न उलगडलेल्या लिपीची मातीची तबकडी तेथे आहे. क्नॉसॉससह सहा मिनोअन, म्हणजे क्रीटच्या या प्राचीन संस्कृतीतील, राजवाडा-स्थळांना २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

एलुंडासमोरच्या स्पिनालोंगा बेटावरही एक सकाळ द्यावी. १५७९ मध्ये व्हेनिसच्या सत्तेने येथे किल्ला बांधायला घेतला आणि १९०३ ते १९५७ या काळात कुष्ठरुग्णांना या बेटावर वेगळे ठेवले जात असे. आनंदवन पाहिलेल्या मराठी माणसाला तेथील ओसाड गल्ली आणि दुकानांची रिकामी दारे फार जवळची वाटतील.

व्हिसाचे थोडक्यात सांगतो. ग्रीस शेंगेन करारात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो आणि तो लवकर करावा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. पंचतारांकित हॉटेलात उन्हाळ्यात प्रत्येक खोलीमागे दर रात्री १५ युरोंचा सरकारी आकार वेगळा द्यावा लागतो, तोही हिशेबात धरावा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. क्रीटमध्ये आमचे हाल होतील का? सोबत डबे न्यावेत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रवासासाठी थोडा कोरडा खाऊ जरूर न्यावा, पण क्रीटमध्ये त्याची गरज भासणार नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत वर्षातील अनेक दिवस उपवासाचे असल्यामुळे मांस, अंडी व दूध वगळलेला स्वयंपाक तेथे घरोघरी चालतो. रानभाज्या उकडून त्यावर ऑलिव्हचे तेल आणि लिंबू घातलेले होर्ता, आपल्या वरणाची आठवण करून देणारा पिवळ्या डाळीचा फावा, भात भरलेले टोमॅटो व ढोबळी मिरची म्हणजे येमिस्ता, आणि हानियाकडचे बटाटा, झुकिनी व मिझिथ्रा चीज यांचे बूरेकी हे पदार्थ मागावेत. जवाच्या कडक पावावर टोमॅटो, चीज आणि तेल घातलेला डाकोस तर नातवंडांनाही आवडेल. ‘निस्तिसिमो’, म्हणजे उपवासाचे, हा शब्द उपयोगी आहे. परंतु त्यांच्या उपवासाला कोळंबी व शिंपले चालतात, म्हणून तेवढे वेगळे विचारून घ्यावे.

प्रश्न : गाडी स्वतः चालवावी की चालकासह घ्यावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चालकासह घ्यावी. वाहतूक उजव्या बाजूने चालते, भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो आणि उत्तर किनाऱ्याच्या मुख्य रस्त्यावर मागच्या वेगवान गाडीला वाट देण्यासाठी कडेच्या पट्ट्यावर सरकण्याची तेथे रीत आहे. नवख्याला ती भीतीदायक वाटते. हेराक्लिऑन ते हानिया हे अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. मध्ये रेथिम्नो येथे जेवणासाठी थांबून ते सावकाश पार करावे.