डी५ वरचं प्यादं

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

म्हापशाच्या बुद्धिबळ स्पर्धेतला तुझा चौथ्या फेरीचा डाव मिळाला. मोबाइलवर न बघता लाकडी पटावर मांडला, कारण असे संथ डाव बोटांनी सोंगट्या हलवल्याशिवाय कळत नाहीत. तू लिहिलंयस, ‘सर, मी कुठेच चुकले नाही, डाव तपासणाऱ्या संगणक-इंजिननेही एका खेळीला चुकीची लाल खूण केली नाही, तरी बरोबरी कशी झाली?’ प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं, पण मला ते नीट द्यायचं आहे.

एकविसाव्या खेळीपर्यंत तू फार सुंदर खेळलीस. काळ्याचं डी५ या घरावरचं प्यादं एकटं पडलं होतं, शेजारच्या सी आणि ई फाईलवर, म्हणजे उभ्या रांगांत, त्याला आधार द्यायला दुसरं प्यादं उरलं नव्हतं. तुझा घोडा डी४ वर, बरोबर त्याच्या समोर, आणि तिथून त्याला हुसकायलाही काळ्याकडे प्यादं नव्हतं. काळ्याचा पांढऱ्या घरांवरचा उंट आपल्याच प्याद्यामागे कोंडला होता. तुझ्या वयाच्या मुलांकडून अशी मांडणी क्वचित पाहायला मिळते.

मग बाविसाव्या खेळीला तू ई३ वरचं प्यादं ई४ वर ढकललंस. त्याने मारलं, तू मारलंस, हत्ती गेले, वजीर गेले आणि चौतिसाव्या खेळीला तुम्ही हात मिळवले. इंजिन ओरडलं नाही, कारण ई४ नंतरही तुझा डाव वाईट नव्हता. अर्ध्या प्याद्याचा फायदा होता, तो जवळजवळ शून्यावर आला, एवढंच. पण पटावर काय घडलं ते बघ. त्याला शेवटपर्यंत राखत बसावं लागलं असतं असं एकच प्यादं होतं, आणि ते तूच त्याला बदलून दिलंस. त्या खेळीपुढे तू वहीत लिहिलं आहेस, ‘काहीतरी करायला हवं होतं.’ बाय, सगळी गडबड त्या वाक्यात आहे.

फायदे दोन जातींचे असतात आणि त्यांच्याशी वागण्याची रीतही वेगळी असते. तुझ्या सोंगट्या आधी बाहेर आल्या, समोरच्याचा राजा अजून मध्येच अडकलाय, हे फायदे उडून जाणारे. पाच-सहा खेळ्यांत वापरले नाहीत तर तो कॅसलिंग करतो, म्हणजे राजाला कोपऱ्याकडे सुरक्षित नेतो, सोंगट्या बाहेर काढतो आणि तुझ्या हातात काही उरत नाही. तिथे घाई करायलाच हवी, प्यादं द्यावं लागलं तरी. एकटं पडलेलं प्यादं, एकावर एक आलेली प्यादी, ज्या घरावर समोरच्याचं प्यादं पुन्हा कधी पहारा देऊ शकणार नाही असं भोक, कोंडलेला उंट, हे टिकणारे फायदे. ते दहा खेळ्यांनीही तिथेच असतात. टिकणारा फायदा हाती असताना वेळ तुझ्या बाजूने असतो. तू मात्र तो उडून जाईल अशा भीतीने खेळलीस.

१८८६ मध्ये पहिला अधिकृत जगज्जेता झालेल्या विल्हेल्म स्टाइनिट्झने लहान लहान फायदे साठवत जाण्याचा विचार बुद्धिबळात रुजवला. त्याच्याच नावावर दुसरंही एक सूत्र सांगितलं जातं: ज्याची बाजू वरचढ त्याने हल्ला केलाच पाहिजे, नाहीतर वरचढपणा निसटतो. मुलं पहिलं लक्षात ठेवतात आणि संयम म्हणजे इकडचा हत्ती तिकडे, तिकडचा इकडे असं समजतात. तसं नाही. संयमात प्रत्येक खेळीला काम असतं, फक्त ते काम मोठ्याने दिसत नाही.

तुझ्या डावात ते काम काय होतं ते सांगतो. ज्याच्याकडे एकटं प्यादं असतं त्याला पटावर घोडे-उंट भरपूर हवे असतात, कारण त्या प्याद्याच्या आजूबाजूच्या मोकळ्या फाईल आणि घरं वापरून तो हल्ला करू शकतो. म्हणून तू हलक्या सोंगट्या बदलायला हव्या होत्यास. हत्ती आणि वजीर मात्र ठेवायचे, कारण ते पटावर असताना त्याच्या राजाला प्यादं राखायला पुढे यायची हिंमत होत नाही. मग डी४ वरच्या घोड्याची जागा हत्तीने घ्यायची, दुसरा हत्ती त्याच्यामागे डी२ वर, वजीर सगळ्यांच्या मागे डी१ वर. काळ्याला तितकेच राखणदार डी फाईलवर आणावे लागतात. एवढं झाल्यावर, आणि तेव्हाच, ई४! आता डी५ वरचं प्यादं मारू शकत नाही, कारण ते सरकलं की मागचा हत्ती किंवा वजीर उघडा पडतो. म्हणजे तुझी खेळी चुकीची नव्हतीच. ती दहा खेळ्या आधी आली.

हे सगळं काळ्या बाजूने झालेलं बघायचं असेल तर १९८१ च्या मेरानोच्या जगज्जेतेपद सामन्यातला कोर्चनोई विरुद्ध कार्पोव हा नववा डाव मांड. एकटं प्यादं डी४ वर कोर्चनोईचं होतं. कार्पोवने हलक्या सोंगट्या बदलल्या, डी फाईलवर हत्ती आणि वजीर रांगेने उभे केले आणि ते प्यादं खिळलेलं असताना ई५ खेळला. सावकाश बघ, एका बैठकीत संपवू नकोस.

आता अवघड भाग. एका कमकुवत जागेवर डाव सहसा जिंकला जात नाही. समोरचा नीट खेळला तर एक प्यादं राखू शकतो. तू तीन सोंगट्यांनी मारा केलास तर तोही तीन आणतो, गणित बरोबर सुटतं. पण त्या तिन्ही सोंगट्या आता बांधल्या गेल्या आहेत, हे विसरू नकोस. तू दुसरीकडे, समज राजाच्या बाजूला, दुसरी कमकुवत जागा तयार केलीस की त्याला तिथे पोहोचायला वेळ लागतो आणि तुला लागत नाही. बुद्धिबळावर लिहिणाऱ्या निम्झोविचने एकदा इकडे, एकदा तिकडे असा आलटून पालटून मारा करण्याचं तंत्र सविस्तर मांडलं. त्याचं मला सर्वात आवडणारं उदाहरण १९७४ च्या नीस ऑलिंपियाडमधला कार्पोव–उंझिकर डाव आहे. ए फाईल उघडी होती, हत्ती बदलले जाणार हे दिसत होतं. कार्पोवने चोविसाव्या खेळीला उंट ए७ वर नेऊन ती फाईल चक्क बंद केली. उंटाआड त्याने निवांत हत्ती एकामागे एक आणले. उंझिकरला हत्ती बदलता येईनात आणि उंट कधी हटेल याची धास्तीही सोडता येईना. मग कार्पोव राजाच्या बाजूला वळला आणि डाव तिथे जिंकला. ए फाईल त्याने वापरली ती समोरच्याला अडकवून ठेवण्यासाठी. या डावावर तू एक आख्खी संध्याकाळ घालवलीस तरी मला आनंदच होईल.

आणि प्रत्येक खेळीआधी एक प्रश्न: समोरच्याला आता काय हवंय? तुला काय हवंय हा प्रश्न नंतर. आपल्याकडे खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतल्या शेताच्या, बांधाला खेकडा लहानसं बीळ पाडतो. ते वेळीच चिखलाने बुजवलं नाही तर भरतीला तिथूनच खारं पाणी आत येतं आणि पुढची काही पिकं हातची जातात. बांध राखणारा माणूस रोज फेरी मारतो ती त्या बिळासाठी. फायद्याच्या डावात तुझं निम्मं काम हेच आहे. त्याचा घोडा कुठल्या घरावर येऊ पाहतोय? कुठलं प्यादं पुढे ढकलून त्याला मोकळा श्वास मिळेल? ते आधी बंद कर. माजी जगज्जेता पेट्रोस्यान हे इतकं आधी करायचा की समोरच्याला आपली योजना हुकली हे बरंच उशिरा कळायचं. बघणाऱ्याला असे डाव कंटाळवाणे वाटतात. खेळणाऱ्याला तसे वाटता कामा नयेत.

एंडगेमकडे, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरलेल्या शेवटच्या टप्प्याकडे, येतो, कारण लहान फायदा शेवटी तिथेच वसूल होतो आणि तुझा सराव तिथेच सर्वात कमी आहे. प्यादं जास्त असलं तर सोंगट्या बदलाव्यात, प्यादी बदलू नयेत. प्यादं कमी असलं तर उलट. पण हत्तींच्या एंडगेममध्ये सावध राहा. एकाच बाजूला चार प्यादी विरुद्ध तीन, दोघांकडे एकेक हत्ती, ही स्थिती नीट बचाव केला तर बहुधा बरोबरीचीच असते. म्हणून शेवटचे घोडे-उंट बदलण्याआधी पुढे काय उरतंय ते मोजून बघ. आणि प्यादं हातात धरून बसणं म्हणजे संयम, असंही समजू नकोस. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला कापाब्लांकाने तार्ताकोवरविरुद्ध हत्तींच्या एंडगेममध्ये आपली दोन प्यादी शहासकट मारू दिली, कारण तेवढ्यात त्याचा राजा पुढे चालत एफ६ वर पोहोचत होता. सातव्या ओळीतला हत्ती, पुढे सरकलेलं प्यादं आणि शेजारी राजा, या तिघांपुढे काळ्याची जास्तीची प्यादी कामाला आली नाहीत. कुठली सोंगटी आळशी आहे आणि ती कशी कामाला लावायची, हे कापाब्लांकाकडून शिकावं.

तू विचारशील, समोरचा चुकलाच नाही तर? मग बरोबरी. ती मान्य करायची. पण त्याला चुकायची संधी तरी द्यायला हवी. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेशने चौदाव्या डावात डिंग लिरेनविरुद्ध तेच केलं. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, गुकेशकडे एक प्यादं जास्त. नीट खेळल्यास बरोबरीच, हे जग सांगत होतं. गुकेश खेळत राहिला. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती एफ२ वर नेला. गुकेशने हत्ती बदलला, उंट डी५ वर आणून उंटही बदलायला लावला आणि नुसत्या राजा-प्याद्यांचा एंडगेम जिंकून अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. त्याआधी २०२१ मध्ये दुबईला कार्लसन नेपोम्नियाचीविरुद्ध सहाव्या डावात १३६ खेळ्या, पावणेआठ तास बसला होता. जगज्जेतेपदाच्या इतिहासातला तो सर्वात लांब डाव, आणि कार्लसनने तो जिंकला.

त्यासाठी घड्याळात वेळ लागतो. तुझ्या नोंदवहीत बाविसाव्या खेळीला अकरा मिनिटं उरलेली दिसतात. अकरा मिनिटांत, दर खेळीला मिळणाऱ्या तीस सेकंदांच्या वाढीवर शांत राहणं कोणालाही अवघड जाईल. ओपनिंगच्या पहिल्या पंधरा खेळ्यांत, ज्या तुला पाठ आहेत, तू इतका वेळ कुठे घालवतेस ते मला लिहून कळव. आणि एक गोष्ट बिनधास्त कर: फायद्याची स्थिती असेल तर तीच स्थिती एकदा पुन्हा येऊ दे. वाढीची सेकंदं जमतात, समोरच्याच्या मनात बरोबरीची आशा जागते, आणि मग तू वेगळी खेळी करतेस तेव्हा त्याला पुन्हा नव्याने विचार करावा लागतो. फक्त तीच स्थिती तिसऱ्यांदा येऊ देऊ नकोस, नाहीतर तो बरोबरी मागेल.

मोबाइलवरचे तीन मिनिटांचे डाव स्पर्धेच्या आधीच्या दोन आठवड्यांत पूर्ण बंद. मला ते आवडत नाहीत असं नाही, त्यांनी नजर तयार होते. पण तीन मिनिटांत डी५ वरच्या प्याद्यावर कोणी हत्ती रचत बसत नाही, आणि हात तीच सवय पटावर घेऊन येतो.

गोव्यात राहून हे जमणार कसं, असं तू मागे म्हणाली होतीस. इव्हाना फुर्तादो २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षं आठ वर्षांखालील मुलींमध्ये जगज्जेती झाली. बुद्धिबळपटू भक्ती कुलकर्णी इथलीच. अनुराग म्हामल आणि लिऑन मेंडोन्सा हे दोन ग्रँडमास्टर इथलेच, त्यातल्या लिऑनने २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झीची चॅलेंजर्स स्पर्धा जिंकली. २००२ मध्ये लेव्होन अरोनियन ज्युनियर जगज्जेता झाला तो गोव्यात. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात विश्वचषक हडफड्याला झाला, तो तर तुझ्या डोळ्यांसमोर. सिंदारोव आणि वेई यी यांच्या अंतिम फेरीतले दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीत सुटले, सिंदारोव जिंकला तो जलद डावांच्या टायब्रेकमध्ये. ते दोन बरोबरीचे डाव कोणी फारसे पाहत नाही. तू पाहा.

आता कामं. मी सांगितलेल्या तिन्ही जुन्या डावांत जिंकणाऱ्याची खेळी झाकून ठेव, आपली खेळी आधी वहीत लिही, कारणासकट, आणि मगच उघडून बघ. ‘बरं वाटलं’ हे कारण चालणार नाही. कुठली सोंगटी, कुठलं घर, समोरच्याचं काय अडलं, हे लिही. इंजिन शेवटी, आणि तेही तुझं सगळं लिहून झाल्यावर.

रविवारी फोंड्याला येशील तेव्हा घड्याळ घेऊन ये. तुझ्याच डावातली एकविसाव्या खेळीनंतरची स्थिती मांडू. पांढरं मी घेईन. तू काळ्या बाजूने बसून ते डी५ वरचं प्यादं राख, म्हणजे बांधलं जाणं कसं असतं ते तुला आतून कळेल. मग बाजू बदलून पुन्हा, आणि तेव्हा मी मुळीच सोपं जाऊ देणार नाही. आईला सांग, दुपारचं जेवण आमच्याकडेच.

तुझे सर