खांद्याच्या सांधेरोपणानंतरची पथ्ये

प्रश्न : मी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वॉर्डात खांद्याचा सांधा बदललेल्या दोन आजी आहेत. एकीचा हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा नाही, तर दुसरीने हात पाठीमागे न्यायचा नाही, अशा सूचना आहेत. शस्त्रक्रिया एकच असताना पथ्ये वेगळी का?
– एक विद्यार्थिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : केसपेपरवर नुसते ‘शोल्डर रिप्लेसमेंट’ लिहिलेले असेल, तर शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागून घ्या, कारण या नावाखाली दोन निरनिराळ्या शस्त्रक्रिया येतात.

अ‍ॅनाटॉमिक प्रकारात सांध्याची मूळ रचना कायम ठेवून कृत्रिम भाग बसवतात. आत पोहोचण्यासाठी पुढचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू सहसा हाडापासून सोडवून शेवटी पुन्हा शिवावा लागतो. हात बाहेर फिरवला की ओढ नेमकी त्या शिवणीवर येते. म्हणून पहिले सहा आठवडे ही हालचाल सर्जनने ठरवलेल्या मर्यादेतच, बहुधा 30 अंशांपर्यंत, करवून घ्यावी आणि हात जोर लावून आत वळवू देऊ नये.

रिव्हर्स प्रकार मुख्यतः रोटेटर कफ, म्हणजे सांध्याला वेढणारा स्नायूंचा गट, निकामी झालेल्यांसाठी आहे. फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी 1980 च्या दशकात रूढ केलेल्या या रचनेत गोळा फऱ्याच्या हाडावर आणि वाटी दंडाच्या हाडावर बसते. फिरण्याचा केंद्रबिंदू आत व खाली सरकल्यामुळे कफचे काम डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा मोठा स्नायू, पेलू शकतो. मात्र हात मागे, अंगालगत आणि आत वळलेला असा एकाच वेळी गेला, तर सांधा निखळण्याची भीती असते. निफाड-दिंडोरीकडच्या नऊवारी नेसणाऱ्या आजींना ‘हात मागे नेऊ नका’ एवढे सांगून भागत नाही, कारण काष्टा खोचताना हात नेमका याच स्थितीत जातो. साधारण पहिले बारा आठवडे काष्टा सुनेने किंवा लेकीने खोचून द्यावा, ब्लाउज पुढून हुकांचा व सैल असावा आणि जमिनीवरून उठताना तो हात मागे टेकू नये, हे घरच्यांसमोर प्रत्यक्ष करून दाखवा. उताणे झोपवताना कोपराखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. आजींना स्वतःचे कोपर दिसत असले, म्हणजे हात मागे गेलेला नाही.

प्रोटोकॉलमधले आठवडे पाठ करण्यावर आपल्याकडे फार भर दिला जातो. मला मात्र कोणती ऊती भरून येत आहे, हा विचार अधिक महत्त्वाचा वाटतो. रिव्हर्सच्या रुग्णाला काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी खांद्याच्या टोकाशी, अ‍ॅक्रोमिऑनवर, नव्याने दुखू लागले, तर डेल्टॉइडच्या ताणाने तिथले हाड पिचले असण्याची शक्यता असते. अशा वेळी व्यायाम वाढवू नका. डेल्टॉइडचे व्यायाम थांबवून त्याच दिवशी सर्जनला कळवा.