जाहिरातीतला प्रचारकी डाव कसा ओळखायचा?

न्यूयॉर्कला १९३७ साली प्रचाराचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली. तिने असे सात डाव नावानिशी सांगितले. त्यातले दोन आमच्या सांगलीत एकाच फ्लेक्सवर सापडतात. विश्रामबागेत एका क्लासचा होता : 'सांगलीकरांची एकच पसंती!' मोजली कुणी? हा 'सगळे निघाले, तुम्हीच मागे' वाला डाव. खाली गुणवंतांचे पंचवीस फोटो. परीक्षेला बसलेली पोरं किती, ते मात्र गायब. म्हणजे सोयीचे पत्ते वर, बाकीचे खाली. मी आधी आकड्यावरची चांदणी (*) शोधतो, मग तळाची मुंगीएवढी अक्षरं. हळदीच्या पाकिटावरचं 'अस्सल, पारंपरिक' हा तिसरा प्रकार : गोड शब्द, मोजून तपासण्यासारखं काही नाही. तिथं आमची आईसुद्धा फसते.