न्यूटन जन्मला तरी कधी?

प्रश्न : शाळेच्या फळ्यावर मी रोज दिनविशेष लिहिते. न्यूटनचा जन्म एका ठिकाणी २५ डिसेंबर १६४२, तर दुसरीकडे ४ जानेवारी १६४३ दिलाय. खरा कोणता?

उत्तर : दोन्ही खरे, दिवस एकच आहे. इंग्लंडात तेव्हा ज्युलियन दिनदर्शिका चालायची. कॅथलिक देशांनी १५८२ पासून ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ती दिनदर्शिका, स्वीकारायला सुरुवात केली होती आणि ती १० दिवस पुढे होती. मात्र सरसकट १० मिळवू नका. ४०० ने भाग न जाणारे शतकवर्ष ग्रेगोरियनमध्ये लीप नसते, ज्युलियनमध्ये असते. त्यामुळे १७०० च्या फेब्रुवारीनंतर फरक ११ दिवसांचा झाला, १८०० नंतर १२ आणि १९०० नंतर १३. रशियातली ‘ऑक्टोबर’ क्रांती २५ ऑक्टोबर १९१७ ची, म्हणून नव्या गणनेत ७ नोव्हेंबरची.

बेरजेआधी त्या देशाने दिनदर्शिका कधी बदलली ते पाहा. ब्रिटनमध्ये २ सप्टेंबर १७५२ च्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतर थेट १४ फेब्रुवारी. त्यापुढच्या तारखांत पुन्हा दिवस मिळवणे ही नेहमीची चूक. दुसरा खड्डा वर्षाचा. इंग्लंडात १७५१ पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलत असे, म्हणून ब्रिटिश वसाहतीत जन्मलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनची जन्मतारीख ११ फेब्रुवारी १७३१ ची २२ फेब्रुवारी १७३२ झाली.

फळ्यावर कोणतीही एकच पद्धत ठेवा. सरमिसळ झाली की ‘गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ असली गोड वाक्ये तयार होतात. गॅलिलिओची ८ जानेवारी १६४२ ही तारीख ग्रेगोरियन आहे. ज्युलियनने मोजलं तर तो १६४१ मध्येच, २९ डिसेंबरला गेला. कोणतीही एक पद्धत धरा, वर्षे वेगळीच येतात.

प्रश्न : शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी वारले ना?

उत्तर : नाही. इंग्लंडातला २३ एप्रिल म्हणजे स्पेनमधला ३ मे. शिवाय सर्व्हान्तेस बहुधा २२ ला वारला, २३ ला दफन झाले. अस्सल योगायोग हवा असेल तर डार्विन आणि लिंकन घ्या : दोघेही १२ फेब्रुवारी १८०९ चे आणि तोवर दोन्ही देशांत ग्रेगोरियनच होती.

प्रश्न : चंद्रावर पहिले पाऊल २० जुलैला की २१ ला?

उत्तर : घटना जिथे घडली तिथली तारीख धरायची, हा नियम इथे लंगडा पडतो! यान उतरले २० जुलै १९६९ रोजी, जागतिक वेळेनुसार रात्री ८:१७ ला. पाऊल पडले पहाटे २:५६ ला, म्हणजे २१ तारखेला. अमेरिकेत मात्र तेव्हा २० चीच रात्र होती. तारखेपुढे ‘अमेरिकी वेळ’ किंवा ‘जागतिक वेळ’ एवढे लिहा, पुरे.