हरणं यावीत म्हणून अर्ध्या एकरात काय पेरावं?

बियाण्याचं नाव विचारलंत, मातीबद्दल चकार शब्द नाही. आमच्या घरात याच गोष्टीवरून दोन वर्षं धुसफूस झाली, म्हणून लिहायला बसले.

पेनसिल्व्हेनियात ओकच्या रानाला लागून आमचा अर्धा एकर पडीक होता. ह्यांनी शिंगाळ्या नराचं चित्र असलेली क्लोव्हरच्या, म्हणजे एका तीनपानी चाऱ्याच्या, बियाण्याची पिशवी आणली. मी शेतकऱ्याची मुलगी. म्हटलं, आधी माती तपासा. "हरणंच खाणार आहेत, आपण नाही," म्हणत बी फोकलं आणि वर दंताळं फिरवून दोन बोटं खोल गाडलंही. खसखशीएवढं बी ते, पाव इंचाखाली गेलं की संपलं! उगवलं तेवढं पिवळं पडलं. मग खताची पोती आली. तण माजलं.

शेवटी मीच गुपचूप माती पाठवली. सामू (pH, मातीचा आंबटपणा; आकडा जितका कमी तितकी माती आंबट) 5.2. क्लोव्हरला 6 च्या वर हवा. इतक्या आंबट मातीत खतातला स्फुरद (फॉस्फरस) जखडून बसतो, पोती घातली काय नि न घातली काय. चुना टाकला, तो मुरायला महिने जातात, तेवढे जाऊ दिले. ऑगस्टअखेर ओटच्या सोबतीने पांढरा क्लोव्हर फोकला आणि नुसता रूळ फिरवला. हिरवंगार! पण ऑक्टोबरात हरीण फिरकेना. ओकची फळं गळत असताना ती दुसरं काही बघत नाहीत, हे ह्यांना कोण सांगणार? मी महिनाभर टोमणे खाल्ले. फळं सरली आणि रोज संध्याकाळी सात-आठ यायला लागली. पाहुण्यांना सांगितलं गेलं, "या वेळी बियाणं चांगलं मिळालं."

तर तुमचं : क्लोव्हर आणि ओट. सोयाबीन अर्ध्या एकरात नको, दोन पानांवर असतानाच फस्त करतात. सलगम चालेल, पण त्याची पानं कडाक्याच्या थंडीनंतरच गोड होतात, तोवर धीर धरा. तुकडा रस्त्यालगत नको. आणि हो, शिकारीसाठी करत असाल तर तुमच्या राज्याचे नियम आधी वाचा. पेरलेलं पीक आणि आमिष म्हणून ओतलेला मका यांत कायदा फरक करतो.

मधोमध थोड्या पिकाभोवती जाळीचा एक पिंजरा ठोका, हरणांचं तोंड पोचणार नाही असा; ती किती खातात ते कळतं. आमच्या पिंजऱ्यात क्लोव्हर गुडघ्याला लागत होता, बाहेर बोटभर. तोवर ह्यांचं म्हणणं होतं की पीक वाढतच नाही, चुन्याचे पैसे पाण्यात गेले.