लिहिलेलं सापडलं पाहिजे : मोबाइलवरच्या नोंदींबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न गूगल कीपबद्दल आहेत. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये हे ॲप आधीपासून असतं आणि ते फुकट आहे. म्हणून उत्तरंही त्यालाच धरून दिली आहेत.

तीन गटांत मिळून अकरा एकर शेती आहे. बियाणं, खत, फवारणी, मजुरी सगळं मोबाइलवर लिहितो. पण दोन महिन्यांनी शोधायला गेलं की सापडत नाही. लेबलं पंचवीस झालीत. काय करावं?
— शेतकरी, ता. जिंतूर, जि. परभणी

लेबलं कमी करा. प्रत्येक नोंदीच्या वेळी पंचवीसपैकी कोणतं लेबल लावायचं हे ठरवावं लागलं, तर शेतात उभं राहून ते कोणी करत नाही. निम्म्या नोंदी बिनलेबलाच्या राहतात आणि मग लेबलावर भरवसा उरत नाही. खरं काम शोधाची चौकट करते. तिला फक्त पकडायला शब्द हवेत. म्हणून प्रत्येक नोंदीच्या शीर्षकात तीनच गोष्टी ठरलेल्या क्रमानं लिहा: तारीख, गट, काम.

2025-06-24 गट 112 सोयाबीन पेरणी

वर्ष आधी लिहिल्याचा फायदा असा की शोधात 2025-06 टाकलं की जून महिन्याच्या सगळ्या नोंदी एकत्र येतात. 'गट 112' टाकलं की त्या तुकड्याचा पूर्ण इतिहास समोर येतो. शीर्षकाखाली वाण (समजा, परभणी कृषी विद्यापीठाचं एमएयूएस 612), लॉट नंबर, पिशव्या किती, दुकान आणि रक्कम लिहा.

आता अंकांचं. मोबाइलला ७/१२ आणि 7/12 ही दोन वेगळी चिन्हं आहेत. एका पद्धतीनं लिहिलं आणि दुसरीनं शोधलं, तर नोंद असूनही हाती लागेलच असं नाही. बिलावर, पिशवीवर, लॉट नंबरात इंग्रजी अंकच असतात, म्हणून नोंदीतही तेच ठेवा. मराठी कीबोर्ड मधेच देवनागरी अंक टाकतो, तेवढं बघत चला. शब्दांचंही तसंच आहे. एकदा 'बियाणं', एकदा 'बियाणे', एकदा 'बियाने' असं लिहिलं तर एका शोधात तिन्ही येत नाहीत. कोणतंही एक रूप धरा आणि घरात नोंद करणाऱ्या सगळ्यांना तेच सांगा.

फवारणीच्या नोंदीत 'दोन झाकणं' असं लिहू नका. दर कंपनीचं झाकण वेगळ्या मापाचं असतं. पुढच्या हंगामात हा आकडा निरुपयोगी ठरतो, कधी घातकही. '15 लिटरच्या पंपाला इतके मिली, एकूण पंप इतके' असं लिहा. औषधाचं दुकानातलं नाव आणि डब्यावर छापलेला मूळ घटक, दोन्ही टिपून ठेवा. नाव बदलून तोच घटक पुन्हा विकत घेतला जाणं ही नेहमीची चूक आहे.

बिलाचा आणि पिशवीच्या टॅगचा फोटो त्याच दिवशी काढून त्याच नोंदीला जोडा. मशीनमधून निघणारं गुळगुळीत कागदाचं बिल काही महिन्यांत पुसट होतं. उगवण झाली नाही आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करायची वेळ आली, तर बिल, टॅग, पिशवी हेच मागितलं जातं. फोटो असला तरी मूळ बिल, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपाच. फोटोतली छापील इंग्रजी अक्षरं हे ॲप बऱ्यापैकी ओळखतं. हातानं लिहिलेल्या मराठी बिलाबाबत तो भरवसा नाही, त्यामुळे रक्कम आणि लॉट नंबर स्वतः टाइप करा.

हंगाम संपला की जुन्या नोंदी डिलीट करू नका, अर्काइव्ह करा. समोरून हलतात, पण शोधात येतात.

लातूरला नीटची तयारी करतेय. बायॉलॉजीचे धडे मोबाइलवर टाइप करून नोट्स काढते. वेळ फार जातो आणि उजळणीच्या वेळी वाचावंसं वाटत नाही.
— विद्यार्थिनी, लातूर

धडा टाइप करणं आजच थांबवा. एनसीईआरटीचं पुस्तक हातात असताना त्याची दुसरी प्रत तयार करून काहीच मिळत नाही. आकृत्या, रासायनिक अभिक्रिया, गणितं वहीवरच. हातानं काढताना जे डोक्यात बसतं ते टायपिंगनं बसत नाही.

मोबाइल चुकांच्या वहीसाठी वापरा. टेस्ट झाली की चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी एक छोटी नोंद करा. त्यात प्रश्नाचा गाभा एका ओळीत, बरोबर उत्तर, एनसीईआरटीचं इयत्ता आणि पान, आणि चूक का झाली ते. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. कारणासाठी चारच शब्द ठरवा: 'माहीत नव्हतं', 'गोंधळ', 'घाई', 'गणित'. पंधरा दिवसांनी 'घाई' शोधलं आणि ढीगभर नोंदी आल्या, तर अभ्यास वाढवून उपयोग नाही, पेपर सोडवण्याची पद्धत बदलायला हवी. 'गोंधळ'मध्ये मायटोसिस-मायोसिससारख्या जोड्या पुन्हा पुन्हा दिसतील. त्या दोन्ही बाजू एकाच नोंदीत समोरासमोर मांडा.

१८० प्रश्नांपैकी ९० बायॉलॉजीचे असतात, त्यामुळे या चुकांच्या नोंदी तिथेच सर्वांत भराभर वाढतील. एखादा प्रश्न पुढच्या दोन टेस्टमध्ये बरोबर आला की त्याची नोंद अर्काइव्ह करा. समोरची यादी आखूड राहिली तरच ती वाचली जाते. आणि एक, नोंदी वाचायला बसताना मोबाइल विमान मोडवर टाका. कीपच्या फोनवर उतरलेल्या नोंदी नेटशिवायही उघडतात.

आमच्या तांड्यावर नेटवर्क येतं-जातं. शाळेच्या नोंदी मोबाइलवर ठेवते. नवा फोन घेतला तर निम्म्या नोंदी गायब. कुठं गेल्या?
— शिक्षिका, जि. हिंगोली

याची दोन कारणं नेहमी आढळतात. पहिलं, आणि जास्त वेळा हेच असतं: खातं बदललेलं असणं. नवा फोन सुरू करताना दुकानात नवा जीमेल काढून दिला जातो आणि जुन्या नोंदी जुन्या खात्यात राहतात. ॲपमध्ये वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबा, कोणता ईमेल आहे ते पाहा आणि जुनं खातं जोडा. बहुतेक वेळा सगळं परत दिसतं. मात्र हे लांबणीवर टाकू नका. सलग २ वर्षं न वापरलेलं खातं गूगल त्यातल्या मजकुरासकट काढून टाकू शकतं.

दुसरं कारण नेटवर्कचं. नेट नसताना लिहिलेली नोंद फक्त फोनमध्ये असते. रेंज मिळून ती वर चढण्याआधी ॲप काढलं, 'क्लिअर डेटा' केलं किंवा फोन रीसेट केला, तर ती कायमची जाते. म्हणून फोन बदलायच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या गावी चांगल्या रेंजमध्ये ॲप उघडा, यादी वरून खाली ओढून सोडा आणि दुसऱ्या कोणत्याही फोनवर किंवा संगणकावर त्याच खात्यानं शेवटची नोंद दिसते का ते तपासा. दिसली तरच जुना फोन हातावेगळा करा. काम झालं की त्या परक्या संगणकावरून साइन आउट करायचं विसरू नका.

चुकून डिलीट झालेली नोंद कीपच्या ट्रॅशमध्ये ७ दिवस राहते, नंतर नाही. वर्षातून दोनदा, सत्र संपताना, 'गूगल टेकआउट'मधून फक्त कीप निवडून सगळ्या नोंदींची प्रत उतरवून घ्या. ती कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते.

मोंढ्यात किराणा दुकान आहे. मी दुकानात, मिसेस घरी. मालाची यादी दोघांना एकत्र ठेवता येईल का? उधारीही त्यातच लिहावी का?
— व्यापारी, जालना

यादी ठेवा, उधारी नको. चेकबॉक्सची नोंद बनवा, 'कोलॅबोरेटर'मध्ये त्यांचा ईमेल टाका. तिकडे खूण केली की नेट असेल तर इकडे लगेच दिसते. दर आठवड्याला तोच माल लागतो, म्हणून नवी यादी करू नका. माल आला की मेनूतून सगळ्या खुणा एकदम काढा, यादी पुन्हा तयार.

उधारीचं वेगळं. नोट्स ॲप बेरीज करत नाही. आकडा कोणी, कधी बदलला हे गिऱ्हाइकाला दाखवण्याजोगं कीपमध्ये काही नसतं. त्यासाठी वहीच बरी, नाहीतर गूगल शीट, जिथे जुन्या आवृत्त्या उघडून पाहता येतात.

आधारचा फोटो, एटीएमचा पिन, बँकेचा पासवर्ड नोंदींमध्ये ठेवलाय. चालतं ना?
— निवृत्त कर्मचारी, नांदेड

नाही. आजच काढा, आणि ट्रॅशही रिकामी करा. कीपमध्ये एकेका नोंदीला वेगळं कुलूप लावता येत नाही. उघडा फोन ज्याच्या हाती, त्याला सगळं दिसतं. पिन कुठेच लिहायचा नाही. पासवर्डसाठी फोनमधला पासवर्ड मॅनेजर वापरा, तो बोटाचा ठसा मागतो. आधार डिजिलॉकरमध्ये ठेवा. कुणाला प्रत द्यायचीच असेल तर शक्य तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात.

बचत गटाची सचिव आहे. बैठकीत बोलणं भराभर चालतं, टाइप होत नाही. बोलून लिहिता येईल का?
— बचत गट सचिव, ता. औसा

येईल. जीबोर्ड म्हणजे गूगलचा कीबोर्ड, त्याच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडा आणि कीबोर्डवरचा माइक दाबा. पण चालू बैठकीत फोन मधोमध ठेवून चालणार नाही. चार जणी एकदम बोलल्या की वाक्यं एकमेकांत मिसळतात. प्रत्येक विषय संपला की तुम्ही स्वतः फोन तोंडाजवळ धरून ठराव एका वाक्यात सांगा: 'कर्ज मंजूर, अमुक सदस्य, इतकी रक्कम, इतके हप्ते.' नावं आणि रकमा माइक हमखास चुकवतो. त्या तिथेच, सगळ्यांसमोर वाचून दुरुस्त करा. मग नोंदवहीत उतरवून सह्या घ्या. फोनवरची नोंद कच्ची, सह्यांची वही पक्की.