मोती भोकाशी खरं बोलतो

(वाचकांचे प्रश्न : मोत्यांचे दागिने. उत्तरं देणाऱ्या काकू पुण्यात रविवार पेठेत ४१ वर्षं मोत्यांचे दागिने गाठतात.)

प्रश्न : काकू, आईच्या लग्नातला, १९८३ सालचा तन्मणी माझ्याकडे आला आहे. गोफ (मागे बांधायचा रेशमी दोर) बदलायला सराफाकडे नेला, तर तो म्हणाला, "मोती कल्चरचे आहेत, खरे नाहीत. मोडीत खोडाच्या, म्हणजे मधल्या पदकाच्या, सोन्याचेच पैसे मिळतील." आई आयुष्यभर त्यांना बसरा मोती म्हणत आली. तिला काय सांगू? आणि खरे-खोटे घरी ओळखता येतात का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी सराफाचं एक वाक्य दुरुस्त करू. कल्चर म्हणजे खोटं नव्हे. दूध आपसूक नासलं-विरजलं काय आणि तुम्ही विरजण लावलं काय, दही ते दहीच. कल्चरच्या मोत्याला माणसाने विरजण लावलेलं असतं एवढंच. पुढचं सगळं काम शिंपल्यातला जीवच करतो, थरावर थर तोच चढवतो. खोटा मोती म्हणजे काचेचा किंवा प्लास्टिकचा मणी, वरून चमकीचा लेप दिलेला. त्याने शिंपला कधी पाहिलेलाही नसतो.

जपानात मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मुद्दाम मोती धरवला, तोही अर्धाच गोल. पूर्ण गोल मोती बाजारात यायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली. गंमत म्हणजे विरजण म्हणून आत घालायचा मणी मिसिसिपी नदीतल्या शिंपल्यांच्या कवचाचा आणि शिंपला जपानच्या समुद्रातला. हे मोती आले, त्यात जगभर मंदी आली, आणि आखातातल्या पाणबुड्यांचा धंदा बसला. ज्याला आपण बसरा म्हणतो तो मोती त्या पाणबुड्यांनी काढलेला. बहरीन-कुवेतकडच्या समुद्रातून तो निघायचा, बसरा हे व्यापाराचं बंदर, त्याचं नाव चिकटलं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांची अख्खी चादर करवून घेतली, ती याच मोत्यांची.

आता तुमचा तन्मणी. १९८३ साली बाजारातून नवे घेतलेले मोती बसऱ्याचे असणं अवघडच. त्या सुमारास चीनमधले गोड्या पाण्यातले मोती भारंभार येऊ लागले होते. तांदळाच्या दाण्यासारखे लांबट, थोडे सुरकुतलेले. तुमचे तसे असतील तर प्रश्न मिटला. त्यांच्यात मणीही नसतो, जवळजवळ आरपार मोतीच. पण आजीचा दागिना मोडून त्यातले मोती आईच्या तन्मणीत घातले असतील तर? आमच्याकडे हे फार चालायचं. एका सरात दोन पिढ्यांचे मोती मी कितीदा गाठलेत. आईला तेवढं नीट विचारा.

घरी बघायचं असेल तर मोत्याच्या तोंडाकडे बघू नका, भोकाकडे बघा. माझी सासू म्हणायची, मोती भोकाशी खरं बोलतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खिडकीच्या उजेडात बसा. लेपाच्या मण्याच्या भोकाशी भिंतीचा रंग सुटावा तशी पापुद्र्याची कड दिसते, आत काच नाहीतर पांढरं प्लास्टिक. खऱ्याची कड स्वच्छ असते आणि आत-बाहेर एकच जात. मणी घालून केलेल्या कल्चरमध्ये भोकात वाकून पाहिलं तर मणी आणि वरचा थर यांच्यामधली काळपट रेघ सापडते. जुन्या बसऱ्याचं भोक बहुधा फार बारीक असतं, सुई नेताना जीव मेटाकुटीला येतो. कारण सरळ आहे. मोती वजनावर विकायचा, मग भोक पाडताना त्याचा चुरा कोण सांडेल?

दुसरी परीक्षा दाताची. मोती धुऊन, पुढच्या दाताच्या कडेवरून हलकेच फिरवायचा. खरा रवाळ लागतो, काचेचा बांगडीसारखा गुळगुळीत. दात लावायला किळस वाटत असेल तर दोन मोती एकमेकांवर घासा, तीच रवाळ जाणीव होते. बारीक भुकटी पडली तर घाबरू नका, पुसल्यावर ओरखडा राहत नाही. पण कल्चरही रवाळच लागतो. आपोआप झालेला की विरजण लावलेला, हे दात सांगणार नाही. ते खात्रीने एक्स-रेवरच कळतं, मुंबईत रत्नं तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. मोती बसऱ्याचे निघतील अशी खरोखर शंका असेल तरच तो खर्च करा.

आणखी एक. सगळे मोती एका मापाचे, एका रंगाचे, एकालाही डाग नाही, आणि किंमत स्वस्त? मग मला विचारूही नका. मेणबत्तीवर धरणं, तापलेली सुई लावणं, व्हिनेगरमध्ये टाकणं असलं काही मात्र करू नका. मोती चुनखडीच्या जातीचा, आम्लात झिजतो. ही अशी परीक्षा आहे की खरा असेल तोच नापास होतो.

मोडीचं सराफ खरं बोलला. कल्चरच्या मोत्यांना मोडीत सहसा कोणी विचारत नाही. म्हणून तर ते घरातच राहतात.

प्रश्न : काकू, मी न्यू जर्सीला असते. नथ, चिंचपेटी आणि आजेसासूबाईंच्या मोत्यांच्या बांगड्या वर्षातून एकदा गणपतीला निघतात. या वेळी मोती निस्तेज वाटले. रिठ्याच्या पाण्यात धुऊ का? टूथपेस्ट चालेल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नको गं बाई, दोन्ही नको. टूथपेस्ट घासायचीच वस्तू, आणि मोती नखापेक्षा थोडाच कडक. रिठ्याचं तर मी स्वतः भोगलंय. लग्नानंतरची पहिली दिवाळी. सून कामाची आहे हे दाखवायला मी सासूबाईंचा तन्मणी पातेल्यात रिठ्याच्या पाण्यात बुडवून ठेवला. गोफ लाल रेशमाचा. सकाळी पाणी गुलाबी आणि मोतीही भोकाजवळ गुलाबी. मोती रंग पितो हे तेव्हा कळलं. सासूबाई ओरडल्या नाहीत, फक्त सुई-दोरा माझ्यापुढे ठेवला. या धंद्यात मी अशी आले.

मोती पुसायचे असतात, बुडवायचे नसतात. जुनी मलमल साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळ आणि एकेक मोती पुसून काढ. मग टॉवेलवर आडवं ठेवून रात्रभर वाळू दे. ओला सर खुंटीला टांगलास तर दोरा ताणतो आणि मोत्यांमध्ये फटी पडतात. सोनाराकडे धुण्याचं थरथरणारं मशिन असतं, त्यात मोत्यांचा दागिना टाकू देऊ नकोस. वाफेनेही धुवायचा नाही. नथीचे मोती सोन्याच्या तारेत गुंफलेले, तिथे ओला कपडाही बेताने. तार एकाच जागी वाकवत राहिलीस तर तिथेच तुटणार.

निस्तेज का झाले? वर्षभर बंद डब्यात, आणि तुमच्याकडे हिवाळ्यात घर तापवतात, ती कोरडी हवा. मोत्यात थोडा ओलावा असतो, तो गेला की तडे जातात. डब्यात दागिन्यांच्या दुकानातून आलेली ती सिलिकाची पुडी असेल तर आधी फेकून दे. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस, सुती कापडात गुंडाळ, आणि हिऱ्याच्या कुड्यांपासून लांब. हिरा मोत्यावर ओरखडे काढतो. उत्तम उपाय म्हणजे घालत जा. गणपतीपर्यंत थांबायला कोणी सांगितलंय? फक्त अत्तर, पावडर, केसांचा फवारा सगळं आधी आटपायचं आणि मोती शेवटी चढवायचे. उतरवताना आधी तेच, आणि घाम पुसून मगच डब्यात.

बांगड्यांचे मोती दोऱ्यात असतील तर नेहमी घालणाऱ्यांनी दोनेक वर्षांनी गाठवून घ्यावं. प्रत्येक मोत्यामागे गाठ मारायला सांगायचं. मेहनत जास्त, पैसे जास्त. पण दोरा तुटला तर एकच मोती पडतो, सगळा सर लोकलच्या डब्यात सांडत नाही.

जाता जाता, नवी नथ घेताना हॉलमार्क बघतेस ना? तो सोन्याचा असतो, मोत्याबद्दल चकार शब्द नसतो. मोती-खड्यांचं वजन सोन्यातून वजा केलंय का, हे पावतीवर लिहून घे. आणि दाबाची नथ प्लास्टिकच्या मोत्यांची असली तरी लाजायचं काही नाही, हलकी बसते. नाकापेक्षा मोती जड करून कुणाचं भलं झालंय?

प्रश्न : ज्योतिषांनी मोत्याची अंगठी सांगितली आहे. मोती कल्चरचा चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चंद्राचं मला कळत नाही, ते त्यांनाच विचारा. मोत्याचं सांगते. अशा अंगठीत तळ उघडा ठेवतात, म्हणजे मोती दिवसभर घामात. वर भांड्यांचा साबण, लिंबू, चिंच. सगळ्यांत लवकर मोती मरतो तो अंगठीतला. कणीक मळताना, भांडी घासताना काढत जा.

प्रश्न : मालवणला कालवं फोडताना एकात पांढरा गोल दाणा सापडला. मटारापेक्षा जरा लहान. विकला तर किती येतील?
— एक वाचक, मालवण

उत्तर : दादा, दाणा बाजूला ठेवा आणि कालवाचं कवच आतून बघा. मोती नेहमी आपल्या शिंपल्याच्या आतल्या अंगावर जातो. आत इंद्रधनुष्यासारखी झाक असेल तर मोत्यालाही पाणी असतं. खायच्या कालवाचं कवच आतून खडूसारखं पांढरं, म्हणून तुमचा दाणाही चुन्याच्या खड्यासारखाच असणार. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो असं आपण ऐकत आलो, आणि वाळूचा कण गेला की होतो असं शाळेत शिकलो. बहुतेक वेळा आत एखादा किडा शिरतो किंवा मांसाला इजा होते, आणि तो जीव त्या जागेभोवती थर चढवत बसतो.

बाजारात याचे पैसे येणार नाहीत. ते कालव तरी खाल्लंत ना?